विझलेल्या शेगडीचा अर्थ

"विझलेली शेगडी हे आटलेल्या प्रेमाचं प्रतीक आहे," सिन्नेवे एका दमात म्हणाली, "आणि ती रंगमंचावर सतत दिसत राहते, त्यामुळे नायकाचा अपराध प्रेक्षकाला क्षणभरही विसरता येत नाही."

हाल्वोर लुंदेने मान खाली घातली. वाक्य त्याचंच होतं. तरुणपणी या नाटकावर लिहिलेल्या त्याच्या मार्गदर्शिकेच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या की त्याचं नाव कधीच विसरलं गेलं. वाक्यं तेवढी शाळाशाळांतून फिरत राहिली. निवृत्तीनंतरही तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून तो जायचा, आणि दर जूनमध्ये कुठल्या तरी बेटावर कुणीतरी त्याला त्याचंच वाक्य ऐकवायचं. बोटीच्या हौसेने त्याची बायको बोर्गिलही बरोबर यायची. परतताना विचारायची, "आज किती वेळा भेटलास रे स्वतःला?" आणि हसत सुटायची.

नाटक साधंच होतं. एका मच्छीमाराची बायको पहिल्या अंकात बुडून मरते, तेही रंगमंचाबाहेर. उरलेले दोन अंक तो थंडगार घरात बसून असतो. शेजारी लाकडं आणून देतात, पण तो शेगडी पेटवत नाही. शेवटी थंडीनेच मरतो.

"छान," सिन्नेवेची शिक्षिका ओद्रुन म्हणाली. "तुम्हाला काही विचारायचंय?"

हाल्वोरने नाट्यतंत्राविषयीचा एक प्रश्न काढून ठेवला होता. तो त्याने विचारला नाही.

"तो शेगडी का पेटवत नाही?"

"सांगितलं ना सर. प्रेम आटलेलं..."

"ते पुस्तकातलं झालं. तुला वाचताना काय वाटलं?"

सिन्नेवेने ओद्रुनकडे पाहिलं. तिची मान लाल झाली. "चुकलं तर मार्क जातील?"

"बोल तू."

"मला तो वाईट नाही वाटला. पहिल्या अंकात शेगडी कोण पेटवतं बघा ना. दर वेळी तीच. तो म्हणतो, 'गार पडलंय गं,' आणि ती हसून उठते. आता त्याने स्वतः काडी ओढली, तर ते काम त्याचं झालं ना? म्हणजे ती परत येणार नाही, हे कबूल केल्यासारखं." ती अडखळली. "तो वाट बघतोय, सर. ती मेलीय हे ठाऊक आहे त्याला. तरी बघतोय."

'गार पडलंय गं.' नवऱ्याच्या हुकूमतीचा पुरावा म्हणून हाल्वोरने ते वाक्य पुस्तकात दिलं होतं. घरी फोनच्या यंत्रावर अजून बोर्गिलचाच आवाज होता: 'आम्ही बाहेर गेलोय, निरोप ठेवा.' मुलगी दोनदा म्हणाली होती, "बाबा, बदला ना ते." त्याने बदललं नव्हतं.

सिन्नेवे बाहेर गेली. ओद्रुन म्हणाली, "सुरुवात उत्तम केली पोरीने. शेवटी घसरली. सहापैकी चार देऊ या."

"सहा."

"सहा? अहो, मान्य अर्थ सोडून भलतंच बोलली ती!"

"तो अर्थ माझाच आहे, ओद्रुन. मी चुकलो होतो. पहिला अंक उघडून बघ."

ओद्रुनने पानं उलटली. उभ्याउभ्याच वाचू लागली, मग खुर्चीत बसली.

"इतकी वर्षं मी हेच शिकवत आले हो," ती हळूच म्हणाली.

"माझ्यामुळेच," हाल्वोर म्हणाला.

सहा मिळाले कळल्यावर सिन्नेवेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "खरंच? थांबा, आईला फोन करते!" ती पळालीच. हाल्वोरला तिचे आभार मानायचे होते, ते राहून गेले.

परतीच्या बोटीवर उपाहारगृहाच्या काउंटरमागे गेर्द होती. दर जूनमध्ये ती त्याला आणि बोर्गिलला पाहायची.

"या या! दोन कॉफी ना? आणि बाई कुठंयत? वर वारा खातायत वाटतं?"

"एकच दे. बोर्गिल गेली."

"गेल्या? कुठं गेल्या?"

मागे दोन माणसं रांगेत उभी होती. ऑक्टोबरपासून ही बातमी सगळ्यांना मुलीनेच कळवली होती. त्याच्या तोंडून तो शब्द एकदाही निघाला नव्हता.

"वारली," तो म्हणाला. "माझी बायको वारली, गेर्द."

गेर्दचा हात किटलीवर थांबला. मग तिने कॉफी ओतली, रांगेतल्या माणसांना "जरा थांबा" म्हणाली आणि कप घेऊन त्याच्यामागोमाग खिडकीजवळच्या टेबलापाशी आली. समोरची खुर्ची ओढून बसली. एप्रनला हात पुसत तिने विचारलं, "कशाने हो?"

बाहेर बेट मागे पडत चाललं होतं. हाल्वोर सांगू लागला.