कॉम्प्युटरची पूजा

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. मशीन आहे, चावणार नाही," असं म्हणत विनीतनं लॅपटॉप मालिनीताईंच्या पुढ्यात सरकवला.

मालिनीताई टेन्शन घेतच नव्हत्या, त्या चूक शोधत होत्या. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधलं हे जीन्सचं होलसेल दुकान. त्याच्या बिलांचा आणि मालाचा प्रोग्राम त्यांनी लिहिला, तेव्हा शेठजींचा हा विनीत शाळेतही जात नव्हता. त्या काळी त्या दर दुकानाला वेगळा प्रोग्राम लिहून देत, आसपासच्या गल्ल्यांत तो नसलेलं दुकान शोधावं लागे. मग एकेक गळत गेलं. कोणी तयार पॅकेज घेतलं, कोणी धंदाच आवरला. उरलं ते हे एक. आता विनीतनं त्यांचा जुना प्रोग्राम एआयच्या हवाली केला होता आणि त्यानं एका दुपारीत नवा लिहून हातात ठेवला होता. "तुम्ही ओके बोललात तरच चालू करणार," विनीतचं म्हणणं. म्हणजे आपला पत्ता आपणच कापायचा मानही त्यांनाच.

सकाळपासून त्यांनी त्या नव्या प्रोग्रामला नाही नाही तसं छळलं. साइजचे सेट फोडून विकले, इंदूरला गेलेला माल अर्धाच परत आणला, एका व्यापाऱ्याची दोन खाती उघडली. पठ्ठ्या कुठे अडखळला नाही. मालिनीताईंना त्याचं कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"बोलो मॅडम, कामाचा आहे की नुसती शायनिंग?"

"कामाचा आहे रे." खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. "पण माझाही कधी चुकला नाही हं. विचार तुझ्या बाबांना. इतक्या वर्षांत एक तक्रार नाही."

एवढी एकच मिरवण्यासारखी गोष्ट होती त्यांच्याजवळ. विनीतनं मान खाजवली.

"वो... एक बात है. त्याने तुमच्यात एक मिस्टेक काढली. छोटीशी. जाऊ द्या ना."

"दाखव."

एआयनं अगदी सरळ लिहिलं होतं. दिवाळीच्या पाडव्याला दुकानाचं वर्ष बदलतं, तेव्हा व्यापाऱ्यांकडून परत आलेला माल जुन्या प्रोग्राममध्ये दुसऱ्यांदा मोजला जातो. चूक पहिल्यापासून आहे. मात्र दर पाडव्याला कोणीतरी हातानं आकडे दुरुस्त केले आहेत. दुरुस्ती करणाऱ्याचं नाव, भगवान.

मालिनीताईंनी आपला कोड उघडला. ती ओळ लगेच सापडली. शिकाऊ पोरानं करावी तशी चूक! लेक चैत्राली तेव्हा अंगावर पीत होती. बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या घरात, तिला मांडीवर घेऊन एका हातानं हे लिहिलेलं त्यांना आठवलं.

आणि पाठोपाठ आठवले भगवानदादा. गोडाऊन सांभाळायचे, अंबरनाथहून यायचे. प्रोग्राम बसवल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीनंतर ते म्हणाले होते, "ताई, पुढल्या पाडव्यापासून तुम्ही येऊ नका. घरी बारकी पोर आहे. कॉम्प्युटरची पूजा मी करतो."

"तुम्ही? दादा, तुम्ही बौद्ध माणसं, तुमच्या घरी कुठली आलीय पूजा?"

"घरी नाही. इथं करतो. फक्त मला एकट्याला बसू द्या. दुसऱ्या कुणी मशीनला हात लावायचा नाय."

देवापुढे हात न जोडणारा माणूस माझ्या प्रोग्रामपुढे जोडतो, असं मालिनीताई लग्नकार्यात केवढ्या रुबाबात सांगत! आणि तो बिचारा सणाच्या दिवशी दार लावून, रॅकवरच्या पँटी मोजत त्यांची चूक निस्तरत बसलेला. मालिनीताईंचे कान तापले.

"नवा चालू कर," त्या विनीतला म्हणाल्या आणि बाहेर पडून अंबरनाथच्या रिक्षात बसल्या.

बुवापाड्यातल्या घराचं दार भगवानदादांच्या बायकोनं, सुंदराबाईंनी उघडलं. दादा टीव्हीपुढे होते, वाळलेले, पण दाढी घोटलेली.

"दादा, पाडव्याला तुम्ही पूजा करत नव्हतात. माझी चूक दुरुस्त करत होतात."

"छे! तुमचा प्रोग्राम कधी चुकलाच नाय. शेठला विचारा."

"सापडली, दादा. नव्या मशीननं काढली."

दादांनी टीव्ही बंद केला. "काढली ती काढली. पण तुम्हाला सांगितलं?"

"सांगितलं."

"असं तोंडावर?"

"विनीतसमोर."

दादांना ते मुळीच आवडलं नाही. त्यांनी हात झटकला. "काय अक्कल म्हणायची ही!"

"मी यांना बोललेली, सांगून टाका एकदा," सुंदराबाई चहा पुढे करत म्हणाल्या. "तर बोलले, लेकरू अंगावर घेऊन लिहिते बाई, आता सांगितलं तर धीर सुटंल तिचा."

"पण नंतर तरी सांगायचं, दादा. पोरगी कॉलेजला गेली माझी!"

"नंतर काय... सवय लागली," दादा ओशाळं हसले.

मालिनीताईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. मशीन खरंच कामाचं होतं, कित्येक वर्षांचं खरं त्यानं एका दुपारी सांगून टाकलं. पण ज्याच्या जिवावर त्या इतकी वर्षं ताठ मानेनं त्या गल्लीतून चालल्या, ते हे माणूस होतं, खोटं बोलणारं.

दादांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे यंदा पाडव्याला मी यायला नको."

मालिनीताईंना क्षणभर कळेना. "तुम्ही अजून जाता? रिटायर होऊनसुद्धा?"

"दर साल जातात," सुंदराबाई म्हणाल्या. "नवा शर्ट घालून."

"नको, दादा. आता नको यायला."

"बरं झालं," दादा म्हणाले. "गुडघा पण दुखतो आता." आणि तोच गुडघा हातानं धरून ते उठले, चपला घातल्या, आणि मालिनीताईंना रिक्षापर्यंत सोडायला निघाले.