होडीतल्या बासरीची धास्ती

मी एक बासरी बोलतेय. जरा हळू बोलते, कारण होडी हलतेय.

खरं तर मी कोरड्या हवेची. कारागिराने मला तीन वर्षं माळ्यावर वाळवलं आणि मगच भोकं पाडली. त्यातल्या एका भोकावर बोट ठेवायचं नसतं. तिथे बोरूच्या आतला पातळ पापुद्रा लसणाच्या रसाने चिकटवतात. तो थरथरला की माझा आवाज गोड झणझणतो, आणि सुटला की माझी अब्रू गेली. असं असून राहायला मिळालं चीनमधलं सुचौ, जिथे घराची मागची पायरीसुद्धा पाण्यात असते.

लू काका मला चाळीस वर्षं वाजवतायत. बागेतल्या तळ्याच्या एका काठावर गाणं आणि दुसऱ्या काठावर श्रोते, ही इथली जुनी हौस. पाण्यावरून आलेला सूर गोड होतो म्हणे. होतो, पण ओलावा मी सोसते.

यंदा बागेचे व्यवस्थापक फान यांनी आम्हाला थेट होडीतच बसवलं. वर काकांना म्हणाले, "बासरी अडखळली, तर पुढच्या शनिवारपासून रेकॉर्डिंग लावू. वाईट वाटून घेऊ नका."

काका हसले. त्यांची बोटं मात्र गार पडली होती.

गायिका वेईलान नाक मुरडतच होडीत चढली. "काका, खिशात लसूण? मला तुमच्या शेजारी बसून गायचंय." काकांनी खिशातल्या पाकळ्या काढून तळ्याच्या काठावर ठेवून दिल्या. मग ती वल्हं मारणाऱ्या सुन मावशीकडे वळली. मावशी उत्तरेकडच्या शानतुंगची, नूडल्सबरोबर कच्चा लसूण खाणारी. "मावशी, तुम्ही तोंड तिकडेच ठेवा बरं."

तळ्याच्या मधोमध पापुद्रा सुटला. मी घोगरले आणि गप्प झाले. वेईलानने सूर लांबवला, लांबवला, शेवटी तिचाही दम संपला. काकांनी नवा पापुद्रा काढला, पण तो चिकटवणार कशाने?

मावशीने डब्यातली पाकळी पुढे केली. "अर्धी खाल्लेली आहे. चालेल?"

"द्या हो लवकर," वेईलानच कुजबुजली.

काकांनी तिच्या रसाने पापुद्रा चिकटवला आणि मी पुन्हा वाजले.

काठावर फान डोळे पुसत उभे. "मधली ती शांतता! नुसतं पाणी ऐकू येत होतं. रेकॉर्डिंगला हे जमायचं नाही. आता दर शनिवारी होडीतच, आणि ती शांतता हवीच."

काकांचं वाजवणं वाचलं. वेईलान आता स्वतः लसूण सोलून आणते. मी दर शनिवारी भिजते आणि ठरल्या जागी काकांनी पापुद्रा सोडवला की गप्प होते. पलीकडच्या काठावर बसून तेव्हा तुम्हाला भरून आलं, तर एवढंच ध्यानात ठेवा: पुन्हा आवाज फुटेल की नाही, हे मला अजूनही ठाऊक नसतं.