धाकटीचा झेल

हेडक्लार्कच्या तोंडावर चेंडू असा बसला की त्याचा चष्मा उडून रेषेपलीकडे पडला आणि पाठोपाठ नाकातून रक्ताची धार लागली. प्लास्टरताईने शिट्टी फुंकली. स्वयंपाकघराच्या संघातला आचारी दोन्ही हात वर करून म्हणाला, हातातून निसटला, मुद्दाम नाही मारला. त्याच्यामागे त्याची माणसं ओठ दाबून हसत होती. वर्षभर सुट्टीचे अर्ज परत पाठवणाऱ्या माणसाचं नाक इतक्या जवळून पुन्हा कधी मिळणार होतं?

"मानेच्या वर लागला. तू बाद," ताई म्हणाली.

"बाद तर बाद," म्हणत आचारी बाहेर गेला. चालताना त्याच्या खांद्यावरचं मोठं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं.

ताईने हेडक्लार्कचं डोकं पुढे वाकवलं, नाक चिमटीत धरून हाड चाचपलं, कापूस दिला आणि त्याला सावलीत बसवलं. हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. डॉक्टर मोडलेला हात ओढून सरळ करत. तो तसाच धरून ओली पट्टी गुंडाळायचं आणि सुकेपर्यंत हलू द्यायचं नाही, हे तिचं काम. त्या कामापुढे तिचं खरं नाव कधीच मागे पडलं होतं.

दर वर्षी कर्मचाऱ्यांचे खेळ होत. पुरुष क्रिकेट खेळत आणि बायका टाळ्या वाजवत. या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी जबाबदारी ताईवर टाकली तेव्हा तिने डॉजबॉल ठरवला. मध्ये एक रेषा, दोन्हीकडे सहा-सहा जण, बायका आणि पुरुष मिळून. पाच-सहा चेंडू, ते रेषा न ओलांडता समोरच्याला मारायचे. ज्याला लागला तो बाद. पण समोरच्याने झेल घेतला तर मारणाराच बाद. चेंडू रबरी, खेळ पोराटोरांचा, कुणाला काही होणार नाही, असं तिने मोठ्या डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

आणि सकाळपासून हे चाललं होतं. वॉर्डातल्या सिस्टरांनी एका तोंडाळ शिकाऊ डॉक्टरला कोपऱ्यात गाठून असा झोडपला होता, की बाद होऊनही त्याला बाहेर पडायला वाट सापडेना. लॅबवाल्याचं बोट सुजून निळं पडलं होतं. दोन वॉर्डबॉय एकमेकांच्या कॉलरला धरून धुळीत लोळले होते. ज्याच्या मनात ज्याच्याविषयी जे साठलं होतं, ते चेंडूतून बाहेर येत होतं. सगळे घामाने आणि धुळीने माखले होते, कुठे कुठे रक्तही होतं. आणि सगळे खूश होते. ताईलाही मजा येत होती. हे मात्र तिने नंतर कुणाला सांगितलं नाही.

मग लॉन्ड्रीचा संघ उतरला.

लॉन्ड्रीत ताईची धाकटी बहीण कामाला होती. ऑपरेशनच्या रक्ताळलेल्या चादरी उकळत्या पाण्यात टाकायच्या, पिळायच्या, वाळवायच्या. मान खाली घालून काम करणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिचा नवरा हॉस्पिटलचीच अँब्युलन्स चालवायचा. ताई त्याला दाजी म्हणायची म्हणून अख्खं हॉस्पिटल त्याला दाजी म्हणू लागलं होतं. उमदा, हसतमुख गडी. जिन्यावरून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन उतरायचा. अपघातातल्या माणसाला गाडीत घालताना असा जपून उचलायचा की नातेवाइकांना रडू यायचं. तुझ्या बहिणीने नशीब काढलं, असं ताईला दिवसातून एकदा तरी कुणी ना कुणी म्हणे.

लॉन्ड्रीत एक बाई आजारी पडली म्हणून ताईने धाकटीला ओढून संघात घातलं होतं. पहिल्या चेंडूला बाद होऊन सावलीत जाऊन बसेल, असाच सगळ्यांचा अंदाज होता. खुद्द दाजीही हसत म्हणाला होता, तिला जागचं हलता आलं तरी पुष्कळ झालं.

धाकटी बाद झालीच नाही. पहिल्या सामन्यात तिचे पाचही साथीदार गेले, ती एकटी उरली आणि समोरच्यांचे चेंडू संपेपर्यंत तिच्या अंगाला एकही शिवला नाही. तिची हालचाल मोठी नसे. चेंडू यायचा त्या जागी ती नसायची, एवढंच. कंबर जराशी वळवायची, अर्धं पाऊल मागे घ्यायची, कधी मान कलती करायची. मारणारे चिडून जोर लावत आणि चुकत. मग मागून लॉन्ड्रीच्या बायका तिच्याकडे चेंडू ढकलत आणि ती एकेकाला टिपे. प्रेक्षकांनी आरोळ्या ठोकल्या. आतापर्यंत जिचा आवाजही कुणी धड ऐकला नव्हता, तिला बघायला ओपीडीतले रुग्णसुद्धा कुंपणाशी येऊन उभे राहिले.

औषधांच्या खिडकीवरचा कंपाउंडर तिला पाणी देत म्हणाला, एवढं कुठे शिकलात हो?

"घरी," धाकटी म्हणाली.

कंपाउंडर हसला. ताईही हसली. मग तिचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं.

पुढच्या सामन्यात ताईने चेंडूकडे बघणं सोडलं आणि नुसतं बहिणीकडे बघितलं. धाकटी चेंडूकडे बघतच नव्हती. ती माणसाच्या खांद्याकडे बघत होती. हात मागे जायच्या आधी खांदा जो जरासा घट्ट होतो, तो दिसला की ती निघालेली असायची. आणि दर वेळी, पार शेवटी, डावा हात कोपरात मुडपून डोक्यापुढे यायचा, चेंडू पायाकडे येत असला तरी.

तो डावा हात ताईने स्वतः प्लास्टरमध्ये घातला होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी. न्हाणीघरात पाय घसरला, असं धाकटीने सांगितलं होतं आणि दाजी शेजारी तिचा उजवा हात धरून बसला होता. पडलेल्या माणसाचं मनगट मोडतं. धाकटीचं मोडलं होतं ते कोपर आणि मनगटाच्या मधलं, करंगळीच्या बाजूचं हाड. डोक्यावर येणारा घाव हाताने अडवताना मोडतं ते. ताईने असे हात शेकड्यांनी गुंडाळले होते आणि त्या बायकांच्या नवऱ्यांकडे तिरक्या नजरेने बघितलंही होतं. त्या दिवशी मात्र तिने एक्स-रेचा फोटो उजेडात धरला, खाली ठेवला आणि दाजीला चहा घेणार का, असं विचारलं होतं.

अंतिम सामना लॉन्ड्री आणि अँब्युलन्स यांच्यात ठरला. ताईने धाकटीला पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि पाय मुरगळला म्हणून सांगू, दुसरी कुणी खेळेल, असं घाईघाईने सुचवलं. धाकटी ओंजळीने तोंडावर पाणी मारत होती.

"पाय कुठं मुरगळलाय माझा?"

"मला कळलंय," ताई म्हणाली. "उशिरा कळलं. नाही, तेव्हाच कळलं होतं. तू खेळू नकोस. आज संध्याकाळी माझ्याकडे चल, पुढचं मी बघते."

धाकटीने पदराने तोंड पुसलं. तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही, रागही दिसला नाही.

"येईन. पण हे खेळून येईन," ती म्हणाली. "इथं मधे रेषा आहे, ताई. त्याला रेषेपलीकडनं मारावं लागणार. आणि इथं शिट्टी आहे. एकदा तरी मला असं खेळू दे."

ताई शिट्टी तोंडात धरून रेषेकडे गेली.

सामना सुरू झाला. दाजीचा हात लोखंडी होता. त्याने पहिल्या काही चेंडूंत लॉन्ड्रीचे चार गडी काढले. एकीच्या पोटात चेंडू असा लागला की ती वाकून तिथेच ओकली. दाजीने लगेच कान पकडून माफी मागितली आणि लोकांनी टाळ्या दिल्या. पाचवीलाही त्याच्याच माणसाने टिपलं. धाकटी एकटी उरली.

दाजीने हसत हसत फेकला. ती तिथे नव्हती. पुन्हा फेकला. पुन्हा नव्हती. त्याचेच सोबती ओरडले, दाजी, बायको हाती लागेना की! हशा पिकला. ते हसू दाजीच्या चेहऱ्यावरही होतं, पण मान लाल होत चालली होती. त्याने बाकीच्यांना मागे सारलं, सगळे चेंडू स्वतःकडे घेतले आणि रेषेला पाय टेकवून एकामागून एक मारू लागला. मांडीवर, छातीवर, मग नुसते डोक्याच्या रोखाने. तिच्या कानाजवळून गेलेला एक चेंडू मागच्या पत्र्याच्या शेडवर आदळला आणि पत्रा थरथरत राहिला. ताईने शिट्टी वाजवली, ताकीद दिली. त्याने ऐकल्यासारखी मान हलवली. लोकांचा आवाज हळूहळू खाली आला. यात काहीतरी खेळापलीकडचं आहे, हे पुढच्या रांगांना कळू लागलं होतं.

शेवटचा चेंडू त्याने दोन पावलं मागे जाऊन, अंगातला सगळा जोर लावून फेकला. धाकटी या वेळी हलली नाही. डावा हात वर गेला नाही. तिने दोन्ही हात पुढे केले आणि चेंडू पोटाशी घेऊन घट्ट आवळला. धडक एवढी होती की ती मागे बसली. पण चेंडू तिच्या हातात होता.

"झेल," ताई म्हणाली. "दाजी बाद."

एकच गिल्ला झाला. लॉन्ड्रीच्या बायका नाचू लागल्या. दाजी हसला. हात पुढे करून तो रेषा ओलांडून तिच्याकडे गेला, आणि ती उठेल म्हणून त्याने हात दिलाय असं सगळ्यांना वाटलं. त्याने तिचे केस धरून तिला उठवलं आणि तोंडावर मूठ मारली.

ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. ताईला तो आवाज ओळखीचा होता. दुसरी मूठ पडली. धाकटी कोसळली, तर त्याने लाथा घातल्या. एक बरगडीत, एक पाठीत. तोंडाने तो अगदी हळू, घरातल्या आवाजात काहीतरी पुटपुटत होता. दोन-चारशे माणसं जागच्या जागी उभी होती. कुणी तरी हसलंसुद्धा, थट्टा आहे असं समजून.

ताईने शिट्टी वाजवली. तो थांबला नाही. मग तिने गुण लिहिणाऱ्याच्या टेबलाजवळची घडीची लोखंडी खुर्ची उचलली, मिटली आणि धावत जाऊन त्याच्या पाठीत घातली. तो वळला आणि त्याने हात वर केला. दुसरा घाव त्या हातावर बसला. तिसरा कुठे बसला ते तिने पाहिलं नाही. तो गुडघ्यावर आल्यावरही ती मारत राहिली. आचाऱ्याने आणि एका वॉर्डबॉयने तिला कमरेला धरून मागे खेचलं, तेव्हा खुर्चीचा एक पाय वाकला होता आणि तिच्या पांढऱ्या कोटावर रक्त होतं. दाजी आपला हात पोटाशी धरून, लहान मुलासारखा, मोठ्याने रडत होता.

"माझ्या बहिणीला आधी घ्या," ताई म्हणाली. "मान हलवू नका. जबडा गेलाय."

चौकशी झाली. खेळाच्या भरात वाहवत गेला, असं त्याच्या बाजूच्या काहींनी सांगितलं. नवरा-बायकोच्या भांडणात हॉस्पिटलने किती पडावं, असं एक मोठे साहेब म्हणाले. त्यावर लॉन्ड्रीच्या सगळ्या बायका काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्या दिवशी ऑपरेशनला चादरी मिळाल्या नाहीत. त्यांच्या शेजारी हेडक्लार्क उभा होता, नाकाला पट्टी लावून. पाहिलं ते त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं आणि सही केली. दाजीला पोलिसांनी नेलं. चौकशीवाल्यांनी ताईला विचारलं, पश्चात्ताप होतो का? ती म्हणाली, "होतो. दोन वर्षं उशीर केला त्याचा." त्यांना हे उत्तर चाललं नाही. तिला प्लास्टर रूममधून काढून सामानाच्या कोठारात बसवलं. ज्या हातांनी माणसांना धरायचं, त्या हातांनी ती आता सलाइनचे खोके इकडचे तिकडे ठेवू लागली. दाजीला मारल्याची तिच्यावरची केस चालूच होती.

धाकटीचा जबडा तारांनी बांधला होता. ती ताईकडे राहायला आली. नळीने सूप प्यायची, पाटीवर लिहून बोलायची. ताईच्या स्वयंपाकघरात टेबलाला दोनच खुर्च्या होत्या. धाकटी रोज भिंतीकडची खुर्ची घ्यायची, दाराकडे तोंड करून. बाहेर जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की तिच्या हातातली नळी थांबायची आणि पाऊल वरच्या मजल्यावर जाईपर्यंत तशीच राहायची.

तारा निघाल्या त्या दिवशी ताई कामावरून आली तेव्हा धाकटीने टोस्ट भाजले होते. पातळ लोणी लावून, कडा काढून. समोरचे दोन दात नव्हते आणि तोंड पुरतं उघडत नव्हतं. तिने आपली बशी उचलली, क्षणभर भिंतीकडच्या खुर्चीजवळ थांबली, मग टेबलाला वळसा घालून दुसरीकडे गेली आणि दाराकडे पाठ करून बसली. टोस्टचा एक तुकडा तिने दाढेत धरला आणि सावकाश चावू लागली.

ताईने हात धुतले, भिंतीकडची खुर्ची ओढली आणि दाराकडे तोंड करून बसली.