पकडीचे दात

मित्रांनो, मी एका जुन्या मोटरसायकलचा पुढचा डावा शॉकअप आहे. पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना आम्ही दोघे जुळे भाऊ उभे असतो. बाहेर जाड नळी, तिच्यात वरखाली सरकणारी आरशासारखी चकचकीत नळी, पोटात स्प्रिंग आणि वाटीभर तेल. खड्डा आला की बसायचं, खड्डा गेला की उठायचं. रस्त्याचा घाव पोटात घ्यायचा आणि वर बसलेल्याच्या मनगटाला कळू द्यायचा नाही, हे आमचं जिणं. तेल बाहेर येऊ नये म्हणून नळीच्या गळ्याशी एक रबरी कडं असतं. त्याला ऑइल सील म्हणतात.

कारखान्यात मला पॉलिश करणारी बाई हातमोजे घालून मला धरायची. बोटाचासुद्धा डाग पडायला नको! चौदा वर्षं मी दगडधोंडे सोसले. लोक कौतुक करायचे ते टाकीच्या लाल रंगाचं. करोत बापडे. पण पुढे माझ्या नशिबी जे हात आले, त्यांची गोष्ट ऐका.

माझा मालक कचेरीत टपालावर शिक्के मारतो. सुटीच्या दिवशी मोबाइलवर सात मिनिटांचा व्हिडिओ बघायला बसतो आणि उठतो तो इंजिनियर होऊनच. त्याची थोरली बहीण, ताई, त्याच घरात शिवणकाम करते. रोज सकाळी शिवलेल्या कपड्यांची गाठोडी मागे बांधून ती मोटरसायकलवरून उताराखालच्या दुकानांत पोचवते.

वयानुसार माझं सील कडक झालं आणि तेल पाझरू लागलं. मालकाने अंगणात गोणपाट अंथरलं.

ताई म्हणाली, "अरे, कोपऱ्यावर मेकॅनिक आहे ना?"

"त्याला काय वेगळे हात आहेत, ताई?"

"हात नाही रे, अक्कल वेगळी आहे."

तो हसला आणि त्याने मला खोललं. बोल्ट सुटेना, तेव्हा त्या महाभागाने माझी चकचकीत नळी उघड्या पकडीत धरून पिळली. मध्ये एक फडकं गुंडाळायचं, तेही सुचलं नाही! पकडीचे दात माझ्या अंगात रुतले आणि तिथे एक बारीक खरबरीत काठ उभा राहिला. मी बसलो-उठलो की तो काठ नव्या सीलचा ओठ कापायचा.

तीन दिवसांत तेल पुन्हा बाहेर. मालक दुकानदारावर धावून गेला, "डुप्लिकेट माल विकता!" दुसरं सील आणलं, तेही गेलं. तिसरंही गेलं. माझ्या अंगावरून एकदा बोट फिरवून बघावं, एवढं त्याच्या मनात आलं नाही. बघायला त्याला मोबाइल पुरत होता.

मग त्याने सगळ्यात हलकं काम केलं. ताई उठायच्या आत तो मला पुसून ठेवू लागला.

"गळतंय का रे अजून?"

"छे! ठणठणीत कोरडं. घरच्या घरी केलं, बघ."

पुसल्याने डाग जातो, गळती जात नाही. तेल ओघळून माझ्याच बाजूच्या ब्रेकच्या तबकडीवर उतरत होतं. मी सांगणार कसा? मला तोंड नाही. ज्याला आहे, तो खोटं बोलत होता.

असे चार महिने गेले आणि एका सकाळी ताई उतारावर होती. खाली शाळेसमोर मुलं रांगेने रस्ता ओलांडत होती. तिने पुढचा ब्रेक दाबला आणि चाक धरेचना! मागचा ब्रेक करकचून दाबत, डावा पाय रस्त्यावर घासत ती थांबली, ती रांगेपासून हातभर अंतरावर. तिच्या चपलेचा तळ उखडून निघाला होता.

गाडी ढकलत तिने घरी आणली. आरडाओरडा केला नाही. चाक काढायला लावलं, सील आणि ब्रेक बघितला, मग शिवणाच्या टोपलीतली साटिनची चिंधी घेऊन माझ्या नळीवरून वरून खाली फिरवली. एका जागी चिंधी अडली, धागा ओढला गेला.

"मशीनच्या पट्टीला ओरखडा पडला की कापड असंच अडतं," ती म्हणाली. "हे दात कुणाचे?"

मालक पकडीकडे बघत राहिला.

बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून ताईने तो काठ घासला. घासायची, चिंधी फिरवायची, परत घासायची. किती वर्षांनी मला कुणी असं जपून हाताळत होतं! शेवटी चिंधी पाण्यासारखी घसरली. नवं सील, दोन्ही भावांना सारखं मापून तेल, ब्रेकला नवे पॅड, तबकडी धुऊन लख्ख. हे सगळं मालकाने केलं, ताईच्या नजरेखाली.

झाल्यावर तिने किल्ली त्याच्यापुढे धरली.

"बस. उतारावरून आधी तू जाऊन ये."

त्याने किल्लीकडे पाहिलं. ओठ पुसले. "ताई... आधी मेकॅनिकला दाखवूया का?"

चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला तो माणूस आठवला! ताईने किल्ली तशीच पुढे धरून ठेवली. मग तो बसला. उतारभर त्याचे तळवे मुठींवर घामाने घसरत होते. खाली ब्रेक धरला, मी बसलो आणि सरळ उठलो. गळ्याशी थेंब नाही.

मित्रांनो, घरी दुरुस्ती जरूर करा, चुकाही करा, मला त्याचा राग नाही. पण चूक पुसून ठेवू नका. आणि ज्या गाडीवर आपल्या माणसाला बसवणार, तिच्यावरून आधी स्वतः एकदा उतार उतरून या.