आत परीक्षा चालू होती

माझा लेक अर्जुना घरात शिरताना चपला काढतो, देवाला हात जोडतो, दूध उतू जाताना दिसलं तर गॅससुद्धा बंद करतो. पण बंद दारावर आधी थाप मारावी, हे त्याला पन्नास वर्षांत जमलेलं नाही. आमच्या माण तालुक्यात दिवसा दार लावायची रीत नाही, हे खरं. पण पोरीच्या खोलीचं दार कधीही ढकलावं असं मानणारे बाप काही एकट्या माणातच राहत नाहीत. म्हणून हे लिहिते आहे. मी चौथी शिकले. माझं चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. माझा लेक सांभाळून घ्यायच्या पलीकडं गेला आहे.

नात उत्कर्षा बी.एस्सी. झाली. आमच्या विहिरी फाल्गुनातच का आटतात, त्या पाण्याचं शास्त्र तिला बाहेरदेशी जाऊन शिकायचं आहे. तिथल्या मोठ्या कॉलेजात शिरायला एक परीक्षा लागते. एकदा मी जोंधळे निवडत होते, तर तिनं सुपातले शंभर दाणे मोजून ताटात मांडले.

"आज्जे, एवढी पोरं अर्ज करत्यात. घेत्यात ही चार." मग त्या चारांतले तीन तिनं बाजूला ढकलले. "ही त्यांच्या देशातली. उरला एक. त्यो आख्ख्या जगाचा."

"मग तुझं कसं गं व्हायचं?"

"माझ्या कॉलेजचं नाव तितं कुणाला ठावं न्हाई. परीक्षेचं मार्कच बघत्याल."

मला ते लगेच पटलं. आटपाडीच्या बाजारात अनोळखी माणसाचं मेंढरू कुणी शब्दावर घेत नाही, काट्यावर घालूनच घेतात.

गेल्या साली तिनं पुण्याला जाऊन परीक्षा दिली आणि पाच मार्क कमी पडले, म्हणून अर्जच केला नाही. यंदा घरातूनच कॉम्प्युटरवर द्यायची ठरलं. खोलीतली धान्याची पोती बाहेर काढली, आरसा भिंतीकडं फिरवला. तिकडच्या बाईनं कॅमेऱ्यातून कॉटखालीसुद्धा बघून घेतलं. नियम मोठा कडक. दोन तासांत खोलीत दुसरं माणूस दिसलं की परीक्षा रद्द. पुन्हा बसायला तीन आठवडे थांबायचं, आणि अर्जाची शेवटची तारीख दहा दिवसांवर आलेली.

"आज्जे, उंबऱ्यावर तूच बस," उत्कर्षा म्हणाली. "आबा फकस्त तुलाच भ्यात्यात."

आबा म्हणजे तिचा बाप, माझा अर्जुना. मी काठी घेऊन बसले.

त्याच दिवशी चार वाजता कवठे महांकाळचे पाहुणे तिला बघायला येणार होते. आप्पासो, त्यांची बायको आणि मुलगा विश्वजित. चारपर्यंत परीक्षा कधीच आटपली असती. पण जीप बारालाच दारात आली. उतरता उतरता आप्पासो म्हणाले, "दुपारी वडूजला दुसरी एक पोरगी बघायची हाय. म्हटलं, दोन खेपा कशाला?"

अर्जुना माझ्यापाशी येऊन कुजबुजला, "आये, लांबनं आल्यात."

"बसू देत. अर्धा तास ऱ्हायलाय."

"तवर उठून गेली तर?"

"गेली तर रस्ता काय आपण खणून ठेवल्याला न्हाई."

इथवर मी बरोबर होते. मग ओसरीवरून विश्वजितची आई म्हणाली, "थोरल्या आत्याबाई कुठं हायत? लय नाव ऐकलंय त्यांचं. पाया पडल्याबिगर मी च्याला शिवणार न्हाई."

आता काय सांगू. चाळीस वर्षांत आमच्या वाडीत माझ्यावाचून एक लग्न ठरलेलं नाही. त्यासाठी किती पोरींना हातातलं काम टाकून पाटावर आणून बसवलं, ते मी कधी मोजलं नाही. मी पदर सारखा केला, काठी दाराला टेकवली आणि उठले. म्हटलं, दोनच मिनिटं.

ती बाई माझ्या पायाशी वाकली होती, तेवढ्यात मागून अर्जुनाचा आवाज आला. "उत्कर्षा, ओढणी घे, भायेर ये. पावणं खोळंबल्यात."

दारातून आत फक्त त्याचं डोकं गेलं होतं. तेवढं पुरलं. कॉम्प्युटरातली बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. पुन्हा एकदा बोलली. मग खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

उत्कर्षा बाहेर आली ती कोरड्या डोळ्यांनी. आईच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, शालूच्या हातातला पोह्यांचा ट्रे तिनं घेतला, सगळ्यांना ताटल्या दिल्या आणि खुर्चीवर बसली. त्यांनी उंची विचारली, स्वयंपाकाचं विचारलं. आप्पासो म्हणाले, "परदेशी परीक्षा देतीस म्हनं. किती मार्क पडलं? आमचा विश्वजित बी तिकडं जानार हाय. बायोडाट्यात शोभंल."

"आजची परीक्षा रद्द झाली, काका," ती म्हणाली. "तुमी लवकर आलात."

"पोरगी गमतीची हाय," म्हणत ते हसले आणि पोहे संपवून वडूजला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, पसंत आहे. अर्जुना दहिवडीहून पेढे घेऊन आला. उत्कर्षा तेव्हा बाहेर काढलेली पोती एकेक करून परत खोलीत ओढत होती.

"आये, तोंड गोड कर."

मी पेढा खोक्यात परत ठेवला. शालूला फोन लावायला सांगितलं आणि आप्पासोंना म्हटलं, वडूजची पोरगी चांगली असंल, तिचं बघा. मग लेकाला समोर बसवलं. आमच्या वाडीत शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजातच मी बोलते, तसंच बोलले.

"अर्जुना, उंबऱ्यावरनं उठले ही माझी चूक, ती मी पदरात घेतली. दार तू ढकललंस. बाजाराला न्ह्यायच्या मेंढराला बी तू आधी पोटभर चरू देतोस, पोटच्या पोरीला अर्धा तास दिला न्हाईस. आता ऐक. पुढल्या साली ती परत बसंल. तवर तिला बघायला ह्या घरात कुणी यायचं न्हाई. अन् परीक्षेदिवशी उंबऱ्यावर मी असंन, तू मेंढरामागं रानात. शंभरातनं तिला घेतील, न्हाईतर न्हाई घेणार, ते त्यांचं त्यांच्यापाशी. पर तिकडच्यांनी पोरीला अजून न्हाई म्हटल्यालं न्हाई. न्हाई म्हटलं ते तिच्या बापानं."