कापूस कशानं जळला

“उघड. माझ्यासमोर उघड!” नोरीन ब्लँचर्डनं नवऱ्याचा व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, फ्रीजरच्या पिशवीत घालून आणला होता, तो माझ्या काउंटरवर आपटला. “पुन्हा सिगारेट ओढतोय हा. रोज जळका वास येतो. आणि वर म्हणतो, याचाच येतो. मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

क्लिफर्ड दाराशीच उभा होता. चौतीस वर्षं ग्रिम्सबी बंदराच्या गोदीवर मासे कापून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. गेल्या वर्षी फुप्फुसाचा तुकडा काढला, त्या दिवसापासून सिगारेट बंद. निदान तो तसं सांगायचा.

“आमच्या जोआनला सांगितलंय मी,” नोरीन म्हणाली. “ती म्हणते, बाबा ओढत असेल तर इस्लाला शनिवारी पाठवणार नाही. नातीनं धूर कशाला खायचा?”

“दोन शनिवार झाले,” क्लिफर्ड खाली बघत म्हणाला.

खरं सांगते, माझाही त्याच्यावर विश्वास नव्हता. नऊ वर्षं या व्हेपच्या दुकानात उभी आहे. सिगारेट सोडल्याच्या इतक्या शपथा आमच्या पाद्र्यानंसुद्धा ऐकल्या नसतील.

“हात दाखवा, मिस्टर ब्लँचर्ड.” मी बोटं हुंगली, कोटाची बाही हुंगली. नुसता साबणाचा वास. बर्फातल्या माशांनी बोटं आखडून गेलेली, पण पिवळा डाग कुठं नाही.

मग व्हेप उघडला. “हे बघा, यात पेटत काहीच नाही. खाली बॅटरी, वर लिक्विडची टाकी, मधे ही कॉइल. कॉइल म्हणजे तार आणि तिला लागून कापूस. कापूस लिक्विड पितो, तार तापते, वाफ निघते. संपलं.” बोलता बोलता कॉइल कागदावर काढली. कापूस काळाठिक्कर.

“अगं बाई!” मीच म्हणाले. “ हा तर जळून गेलाय. वास याचाच. खरं बोलतायत मिस्टर ब्लँचर्ड.”

नोरीनला हायसं वाटायला हवं होतं. पण ती भिंतीवरच्या बाटल्यांची नावं वाचायला लागली. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

“लागोपाठ ओढता का?” मी क्लिफर्डला विचारलं. “कापसाला भिजायला उसंत मिळाली नाही की तो जळतो.”

“ओढतो. काय करू? पूर्वी चार झुरक्यांत भागायचं. दीड महिना झाला, कितीही ओढा, तल्लफ म्हणून जात नाही. ही तिसरी कॉइल.”

“लिक्विड तेच?”

“तेच, बाराचं. हीच भरते. माझी बोटं वळत नाहीत.”

बारा हा निकोटीनचा आकडा. आणि दीड महिन्यापूर्वी हीच नोरीन माझ्याकडून शून्याच्या, म्हणजे बिननिकोटीनच्या, बाटल्या घेऊन गेली होती. बहिणीसाठी म्हणाली होती.

“नोरीनबाई, बहिणीला आवडलं का हो ते शून्याचं?”

ती एकदम उसळली. “त्याच्या भल्यासाठीच केलं! बाराच्या बाटलीत शून्याचं ओतत होते. वाटलं, कळणारही नाही आणि आपोआप सुटेल. कापूस जळतो हे मला काय ठाऊक!”

क्लिफर्ड काउंटरपाशी आला. आवाज जराही चढला नाही. “मला खोटारडा म्हणालीस, नोरीन. मी माझ्याच कोटाचे खिसे तपासायचो. म्हटलं, म्हातारपणी ओढतोय आणि विसरतोय की काय.”

मीही त्याची बोटं हुंगली होती.

“जोआनला फोन कर,” तो म्हणाला. “आत्ता. इथंच.”

तिनं लावला. “जोआन, बाबा ओढत नाही गं. मीच... हो, मीच केलं.” पलीकडून मुलगी बोलत राहिली आणि नोरीन नुसती मान हलवत राहिली.

मी नवी कॉइल बसवली. वर बघायची लाज वाटत होती. “बाराचं देऊ?”

“शून्याचंच दे. दीड महिना काढलाय मी त्याच्यावर,” क्लिफर्ड म्हणाला. “पण भरणार मी.”

टोपण उघडायलाच त्याला दोन मिनिटं लागली. निम्मं लिक्विड काउंटरवर सांडलं. नोरीननं सवयीनं हात पुढं केला. त्यानं टाकी आपल्याकडं ओढून घेतली आणि थेंब थेंब भरत राहिला.