पासून आणि पर्यंत

मी संगणकाच्या पडद्यावरची चाळण बोलतेय. मला जाळी नाही, दोन चौकटी आहेत: 'पासून' आणि 'पर्यंत'. त्यांत आकडे टाकले की मधलं तेवढं दाखवायचं आणि बाकीचं झाकायचं, एवढंच मला येतं.

दौंडच्या एका लहानशा दवाखान्यात २००३ साली माझा जन्म झाला. पुण्याहून आलेल्या इम्तियाजनं मला घडवलं. जाताना तो तिथल्या ऑपरेटरला, अकिलाला म्हणाला, "शेवटचे आकडे ही लक्षात ठेवते. रोज टाकायला नकोत." ती सोय सगळ्यांना आवडली.

त्या साली भीमाकाठच्या गावांत गरोदर बायकांचं रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "हिमोग्लोबिन सात ते दहा असेल त्यांना गोळ्या द्या. सातच्या खालच्यांना रक्त चढवावं लागेल, त्यांची नावं वेगळी काढा."

अकिलानं सात आणि दहा टाकून नावं छापली. खालच्यांची काढणार, तोच वीज गेली. मग ते राहूनच गेलं. रोज सकाळी मी तेच आकडे घेऊन उघडायचे. पडदा नावांनी भरला की माणसं निर्धास्त होतात. काय दिसत नाही, ते कुणी विचारत नाही.

नर्स दबोरानं एकदा विचारलं. "अकिला, वडगाव रासाईची चांगुणा आली न्हाई गं? सुई टोचली तवा पाण्यागत रक्त आलं होतं."

अकिलानं पडदा पाहिला. "हितं नाव न्हाई, सिस्टर. म्हंजी बरी असंल."

चांगुणा माझ्याच आड होती. तिचा आकडा पाच. मला ओरडता येत नव्हतं.

पुढं एका दुपारी तिचा नवरा म्हस्कू दारात उभा राहिला. "बाळ हाय, बाई. ती न्हाई राहिली. रक्त कमी हाय, हे आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

अकिला संगणकाकडं वळली. तिनं 'पासून' कोरं केलं, 'पर्यंत'मध्ये सात टाकले. चांगुणाचं नाव आलं. खाली आणखी नावं येत राहिली.

"सिस्टर, जीप काढायला सांगा!"

दोघी गावोगाव फिरल्या. सापडल्या त्या बायका रक्त चढवून वाचल्या. त्याच यादीतल्या अनसाबाईच्या दाराला तेवढं कुलूप होतं. बाळंतपणाला माहेरी गेली, कुठं ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

उद्या नवा संगणक येतोय, मला पुसून टाकतील. अनसाबाईच्या नावापुढं अजून काहीच भरलेलं नाही. कुणाला ती माहीत असेल तर आजच येऊन एवढं सांगा: जगली का?